अकराची ओहोटी

एक होतं बेट. त्याच्या चारी बाजूंनी समुद्र होता. नसता तर त्याला बेट म्हणता आलं नसतं आणि पुढचं सगळं सरकारी काम खोळंबलं असतं.

बेटाचं नाव करवंदी. तिथे ससे राहत, साळिंदरं राहत, भेकरं राहत. त्या भेकरांत एक होती भिंगरी. वय कोवळं, पाय काडीसारखे, आणि पदरी दीड महिन्याची लेक. लेकीचं नाव पिटुकली. भेकरांची रीत अशी, की लेकराला करवंदीच्या जाळीत लपवायचं, कानात सांगायचं, ‘मी येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही,’ आणि मग चरायला जायचं. पिटुकली इतकी गुणी, की आई गेल्यावर श्वाससुद्धा हळू घ्यायची.

शिमगा उलटला की बेटावरचा झरा आटायचा. मग पाणी एकच, समोरच्या काठावरच्या उंबराखालचं. अंगावर पिणारं लेकरू असलं की आईला दुप्पट तहान लागते. ही गोष्ट पुढे कुठल्याही सरकारी कागदात आली नाही, म्हणून इथे सांगून ठेवलेली बरी.

समोरचा काठ तसा लांब नव्हता. ओहोटी लागली की मधली वाळू उघडी पडायची आणि चालत गेलं तर तोंडातला रवंथ संपायच्या आत पोचता यायचं. पण ती वाळू दिसायची तशी नव्हती. कुठे ती घट्ट, तर कुठे पाऊल ठेवलं की पोटापर्यंत आत. वरून दोन्ही सारख्याच. फरक कळायचा तो फक्त खेकड्यांना. नखाएवढे बारके खेकडे, पाणी हटलं की बिळातून वर येत, वाळू चाटत, आणि चाटलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती मांडून ठेवत. घट्ट वाळूतच बीळ टिकतं, म्हणून घट्ट वाळूवरच गोळ्या. बेटावरच्या पिल्लांना आधी एवढं शिकवत आणि मग चालायला: गोळी तिथे पाऊल, बीळ तेवढं चुकव.

भरती आली की सगळी रांगोळी पुसली जायची. पुढच्या ओहोटीला खेकडे ती पुन्हा घालायचे. त्याला कुणी खातं म्हणत नव्हतं की योजना म्हणत नव्हतं. खेकड्यांतली सगळ्यांत म्हातारी कुरलीआजी भिंगरीला जाता-येता हटकायची, “बाये, पोरगी दूध पिते मा? मग जा बेगीन. पाणी कुणासाठी थांबत नाय.”

बेट आणि समोरचं जंगल मिळून एकच राज्य होतं आणि त्याचे राजे होते ढाणेराव वाघ. ते निवडून आलेले राजे होते. पाच वेळा निवडून आले आणि पाचही वेळा बिनविरोध. विरोधात जे उभे राहायचे, ते निकालापर्यंत उभे राहत नसत.

तर एका वर्षी महाराजांच्या वाढदिवसाला घोषणा झाली, की करवंदी बेटाचं उद्यान करण्यात येत आहे. बेटावर झाडं होती, प्राणी होते, पाखरं होती. उद्यान मात्र नव्हतं, कारण फलक नव्हता. फलक लागला आणि उद्यान झालं. मग महाराज म्हणाले, “बंधूंनो, भगिनींनो आणि माझ्या चतुष्पाद मतदारांनो! आजवरच्या राज्यकर्त्यांनी या बेटाला समुद्रात एकटं टाकलं. मी त्याला जोडणार! करवंदीचं शेवटचं पिल्लूसुद्धा विकासापासून वंचित राहणार नाही!”

आजवरचे राज्यकर्ते म्हणजे तेच होते. पण टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या.

बेटाच्या दळणवळणाचा सर्वंकष आराखडा करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष बगळेसाहेब, सदस्य घार आणि धनेश. तिघांनाही पंख होते. चालणाऱ्यांच्या प्रश्नांचा अभ्यास उडणाऱ्यांनी करायचा, ही त्या राज्याची जुनी पद्धत. वरून सगळं सपाट दिसतं आणि मत स्पष्ट होतं.

समिती उडत येऊ शकली असती, पण फायलींना उडता येत नाही. म्हणून तराफा काढला. तराफ्याला तरंगायला पाणी लागतं, म्हणून समिती भरतीला आली. पुढच्या वेळीही भरतीलाच आली. पाचही पाहण्या भरतीला झाल्या. पाचही अहवालांत एकच वाक्य होतं: “बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये पाणी असून रस्ता आढळून आला नाही.”

मग सुनावणी झाली. बगळेसाहेब तराफ्यावर एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय त्यांनी पोटाशी धरला होता; तो कधी खाली ठेवायचा, याचा निर्णय वरून येत असे.

भिंगरी पुढे झाली. “साहेब, रस्ता आहे तिथं.”

“कुठे आहे?”

“तुम्ही उभे आहात, त्याच्या खाली.”

बगळेसाहेबांनी खाली पाहिलं. “इथे पाणी आहे.”

“आत्ता आहे. सांजेला नसेल.”

“म्हणजे रस्ता कधी असतो आणि कधी नसतो?”

“होय साहेब.”

“लिहून घ्या,” बगळेसाहेब धनेशाकडे वळून म्हणाले. “रस्ता अनियमित आहे.”

“अहो, नियमित आहे! रोज पाऊण तास पुढे सरकतो तेवढंच. कुरलीआजीला विचारा, ती तिथीवरून सांगेल.”

“कोण कुरलीआजी? तिची नेमणूक कोणी केली?”

भेकराला काही सुचलं नाही की ते भुंकतं. भिंगरी भुंकली. इतिवृत्तात नोंद झाली: “किरकोळ आवाज. कोणाचीही हरकत नाही.”

तरी तिच्या भुंकण्याचा उपयोग झाला नाही असं म्हणता यायचं नाही. खात्री करायला एक खंड्या पाठवला गेला. तो सप्तमीला आला, खडकावर बसून राहिला आणि त्याने डोळ्यांनी पाहिलं, की सकाळी अकराच्या सुमाराला पाणी हटलं, वाळू उघडी पडली आणि एक साळिंदर डुलत डुलत पार गेलं. त्याने लिहिलं: “ओहोटी, सकाळी अकरा.” आणि तो मासा घेऊन परत गेला.

त्या एका ओळीवर वर्षाचं वेळापत्रक तयार झालं. दोन्ही काठांवर मोठ्या फळ्या लागल्या: “ओहोटी, दररोज सकाळी ११ ते १. रविवारी बंद. इतर वेळी रस्त्यावरून चालणे हा गुन्हा आहे.” समोरच्या काठावर नाका बसला आणि नाक्यावर घोरपड हवालदार. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, त्यामुळे सरकारी जागेला तिच्याइतकं लायक कुणी नाही.

पहिल्या दिवशी बेटावरचे सगळे अकराला काठावर जमले. गुडघाभर पाणी. दुसऱ्या दिवशी अकराला पोटापर्यंत. तिसऱ्या दिवशी एक ससा म्हणाला, “अकरा वाजलेत आणि फळीवर ओहोटी लिहिलंय, म्हणजे ओहोटी असणारच. सरकार काय खोटं लिहील?” आणि त्याने उडी मारली. त्याला साळिंदराने काट्याला अडकवून बाहेर काढलं. पुढे तोच ससा सांगत फिरायचा, की पाणी होतं, पण आधीच्या राजवटीपेक्षा कमी होतं.

तक्रार वर गेली. वरच्यांनी नीट विचार केला. वेळापत्रक बरोबर होतं, कारण त्यावर महाराजांची सही होती. म्हणजे चूक समुद्राची होती. समुद्राला नोटीस काढली: “आपण रोज पाऊण तास उशिरा हजर होत असल्याचे निदर्शनास आले आहे. याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे समजण्यात येईल.” समुद्राने नोटीस घेतली नाही. तेव्हा ती वाळूत काठी रोवून डकवण्यात आली. संध्याकाळी भरती आली आणि काठीसकट घेऊन गेली. कार्यालयात नोंद झाली: “पोच मिळाली.”

हे सगळं चाललेलं असताना भिंगरीला मात्र रोज तहान लागत होती. वेळापत्रकाआधीही लागायची, नंतरही लागत होती. तिने शोधून काढलं, की घोरपडीला अंगावर ऊन आल्याखेरीज हालता येत नाही. मग ज्या दिवशी उजाडता ओहोटी असेल, त्या दिवशी ती तांबडं फुटायला निघायची, गोळ्यांवरून पलीकडे जायची, पोट फुगेपर्यंत पाणी प्यायची आणि ऊन यायच्या आत परत. घोरपड उघड्या डोळ्यांनी तिला बघायची, पण बिचारीला शेपूटही हलवता यायची नाही. ज्या दिवशी एक ओहोटी भर उन्हात आणि दुसरी गोळ्या न दिसणाऱ्या अंधारात असायची, त्या दिवशी भिंगरी तहानलेली जाळीत बसायची आणि पिटुकली ओढ ओढ ओढून शेवटी आईच्या तोंडाकडे बघायची.

“आई, संपलं?”

“नाही गं सोन्या. सरकलंय पुढे. येईल.”

अमावास्या आली. त्या दिवशी अकरा वाजता महाराजांच्या हस्ते रस्त्याचं उद्घाटन होतं. भिंगरीला ते माहीत होतं. तिचा हिशेब सरळ होता: पहाटेची ओहोटी, जाऊन यायचं, अकरापर्यंत लेक दूध पिऊन झोपलेली असेल. ती गेली. पाणी प्यायली. वळली, आणि जागच्या जागी थबकली.

वाळूवर बगळेच बगळे होते. पांढरीशुभ्र रांग. मान खाली, मान वर. मान खाली, मान वर.

“काय करताय, साहेब?” भिंगरीने विचारलं.

बगळेसाहेबांनी घास गिळला. “अतिक्रमण हटवतोय. रस्त्यावर बिनपरवाना बिळं, बिळांपुढे गोळ्यांचा राडारोडा. महाराज काय म्हणतील?”

“आणि खेकडे?”

“त्यांचं पुनर्वसन झालं,” बगळेसाहेब म्हणाले आणि त्यांनी चोच पुसली.

“मला जाऊ द्या हो. पाणी चढायला लागेल. माझी लेक पलीकडे एकटी आहे.”

“आज रस्ता बंद आहे. आज रस्त्याचं उद्घाटन आहे.”

तोवर ऊन आलं होतं आणि घोरपड हवालदार तरतरीत झाली होती. तिने भिंगरीचा मागचा पाय धरला. “चल, बाई, काठावरच्या मांडवात बस. टाळ्यांना पाय कमी पडतायत.”

“अगं, माझं तान्हं लेकरू आहे तिकडे!”

“लेकराचा पास आहे?”

“ते आलंच नाही, तर पास कुठला?”

“मग आलं नाही त्याची तक्रार मी कशी घेऊ?”

अकरा वाजले. उधाणाची भरती होती. रस्त्यावर दोन पुरुष पाणी होतं. दोन खांबांना फीत बांधली होती, ती मधूनमधून पाण्याखाली जात होती. महाराज तराफ्यावरून आले, फितीवरची लाट ओसरायची वाट बघितली आणि पंजाने ती तोडली. धनेशाने लांबून पुकारा केला, “हा रस्ता आजपासून जनतेसाठी खुला!” जनतेने पाण्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. तो उडी मारलेला ससा सगळ्यांत जोरात वाजवत होता.

मग महाराज बोलायला लागले. विकासावर बोलले. आपल्या आईवर बोलले. ती किती कष्टाने शिकार करायची हे सांगताना त्यांनी पंजाने डोळे टिपले. मांडवात बसलेल्या निम्म्यांचे नातलग त्या कष्टात गेले होते, पण तेही गहिवरले. मग समुद्रावर बोलले: “काहीजण म्हणतात, समुद्र ऐकत नाही. मी त्यांना विचारतो, तुम्ही कधी त्याच्याशी नजरेला नजर भिडवून बोललात?” एक वाजला, दोन वाजले. भिंगरीचं दूध दाटून दुखायला लागलं. प्रत्येक टाळीला तिला वाटायचं, ह्या आवाजात पिटुकलीने हाक मारली तर मला ऐकूसुद्धा येणार नाही. मग आठवायचं, की ती हाक मारणारच नाही. मीच सांगितलंय तिला. मीच.

साडेतीनला तराफा हळूच टेकला. कुणाच्या लक्षात आलं नाही. साडेचारला तो एका अंगाला कलंडला, तेव्हा महाराजांनी पाहिलं, की भोवती पाणी नाही. वाळू आहे. लांबच लांब, गुळगुळीत, एकही डाग नसलेली.

“बघा!” धनेश ओरडला. “महाराजांच्या भाषणाने समुद्र मागे हटला!”

प्रचंड टाळ्या. “ढाणेराव महाराजांचा—” “विजय असो!” समारंभ संपला. जेवण बेटावर, नव्या विश्रामगृहात होतं. बगळेसाहेब, घार आणि धनेश म्हणाले, “आम्ही पुढे होऊन पानं मांडायला सांगतो,” आणि उडाले. तिघे उडाले तेव्हा कुठे महाराजांच्या ध्यानात आलं, की सबंध लवाजम्यात आपल्याला एकट्यालाच पंख नाहीत.

घोरपडीची पकड सैल झाली. तीही महाराजांकडे बघत होती. भिंगरी सुटली आणि काठाशी येऊन उभी राहिली. पुढे वाळू. एकही गोळी नाही. जन्मात पहिल्यांदा तिला पाऊल कुठे टाकायचं ते कळेना. रस्ता इतका स्वच्छ केला होता, की तो राहिलाच नव्हता. एक पाय तिने पुढे टाकला, तो गुडघ्यापर्यंत गेला. ओढून काढला. समोर करवंदीची जाळी दिसत होती. जाळी हलत नव्हती. गुणी लेकरू.

भिंगरी भुंकली. सुनावणीत भुंकली होती तशी नाही. पोटातून.

तिच्या खुराजवळची वाळू हलली. एक भोक पडलं, त्यातून दोन डोळे आणि एक नांगी वर आली. दुसरी नांगी नव्हती.

“आजी!”

“ओरडतंय कशाक? आम्ही खोल होतो. म्हातारं मढं बगळ्याच्या घशात जात नाय, अडकतं.” कुरलीआजीने वाळू चाटली, एक गोळी केली आणि तिच्यापुढे ठेवली. “उचल पाय.”

भिंगरीने पाय ठेवला. वाळू घट्ट होती. चार बोटांवर दुसरं भोक पडलं, मग तिसरं. कुणाची नांगी गेलेली, कुणाचे दोन पाय गेलेले, कुणी नुसतेच घाबरलेले. फार नव्हते उरले. पण एका भेकराचं पाऊल मावेल एवढी एक ओळ झाली. कडेने अंधूक, वाकडीतिकडी, मोहरीच्या फोडणीसारखी.

ती ओळ तराफ्याच्या बाजूने गेली. तराफ्यावर महाराज एकटेच बसले होते.

“ए भेकरे,” महाराज म्हणाले. आवाज भाषणातला नव्हता. “रस्ता कुठे आहे?”

भिंगरी थांबली नाही. “गोळी तिथे पाऊल, महाराज. बीळ तेवढं चुकवा.”

“गोळ्या तर हटवल्या ना?”

“तुम्ही हटवल्यात. त्यांनी परत केल्यात. खाली बघून चाला.”

आता महाराजांना खाली बघायची सवय नव्हती. समोर बघून, छाती काढून, छायाचित्रात चालतात तसं त्यांनी पाऊल टाकलं. दुसरंही टाकलं. तिसऱ्याला ते पोटापर्यंत आत गेले. चौथं टाकायची सोय उरली नाही.

“थांब! राजाज्ञा आहे!”

वाघ रुतलेला असताना भेकराने थांबावं, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतं तरी तिकडे जाळीत दिवसभर कुणीतरी हळू श्वास घेत होतं.

भिंगरी पोचली. पानं बाजूला केली. पिटुकली तशीच होती, ठेवली होती तशी, पोटाखाली पाय घेतलेली. आईला बघूनही ती बोलली नाही. आधी तिने कानाने विचारलं, आता चालेल का?

“चालेल गं माझ्या राज्या. आता हवं तेवढं बोल.”

पण ती बोलली नाही, कारण तिचं तोंड भरलं होतं.

महाराजांना रात्रीच्या भरतीत तराफ्याला बांधून ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी जंगलभर फलक लागले: “मातीशी नाळ असलेला नेता.” पोटापर्यंत चिखल लागलेल्या महाराजांचं मोठं चित्र होतं. भिंगरीला विनापरवाना चालल्याबद्दल नोटीस आली. तिने ती वाळूत रोवली, पोच समुद्राने दिली. आराखड्याला उत्कृष्ट नियोजनाचा पुरस्कार मिळाला, तो घ्यायला बगळेसाहेब स्वतः उडत गेले. कुरलीआजीला नवी नांगी फुटायला लागली, आधीपेक्षा बारीक. ती म्हणाली, “चालतंय. गोळीला पुरते.”

पुढे निवडणूक लागली. या वेळी ढाणेराव महाराजांनी चिन्ह घेतलं खेकडा. घोषणा होती, “वाट आम्ही दाखवली, वाट आम्हीच दाखवणार!” मतदान केंद्र समोरच्या काठावर, उंबराखाली. तारीख अमावास्येची. वेळ सकाळी अकरा ते एक, फक्त पायी येणाऱ्यांसाठी.

त्या दिवशी अकरा वाजता भिंगरी लेकीला घेऊन बेटाच्या काठावर उभी होती. पिटुकली आता चालायला शिकली होती, बीळ चुकवायलाही. समोर उधाणाची भरती होती, दोन पुरुष पाणी. बेटावरचे सगळेच तिथे उभे होते. एकजणही पलीकडे गेला नाही.

संध्याकाळी निकाल लागला. करवंदी बेटावर शंभर टक्के मतदान झालं होतं.